फिरते घर आणि कारवारचा किनारा



बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडण्याची आम्हांला सवय. म्हणून झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या भाड्याच्या मोटारीतून आम्ही सहकुटुंब कारवारला निघालो, यात नवल नाही. हुबळी, यल्लापूर मागे टाकून अरबैल घाट उतरला की हवाच पालटते.

कारवारच्या किनाऱ्याला रवींद्रनाथांचे नाव आहे. बंधू सत्येंद्रनाथ येथे न्यायाधीश असताना, १८८३ साली, त्यांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक येथेच लिहिले. वाळूवर निवृत्त युद्धनौका ‘चपळ’ संग्रहालय होऊन उभी आहे. उत्तरेस काळी नदी, पलीकडे सदाशिवगड. हा मुलूख १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता; १९५६ साली तो तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. किनाऱ्यावर कोकणी, कन्नड, मराठी सहज कानी पडतात.

फिरत्या घराचा एक धोका असतो. सारे आतच मिळते, म्हणून मुले समुद्रही खिडकीतून पाहू लागतात. आम्ही चूल विझविली, मुलांना खाली उतरविले, कोळणींशी कन्नडमध्ये भाव करावयास लावले.

आपले मंडळ हेही एक फिरते घरच. पन्नास वर्षे त्याने मराठी जपली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी काळी नदीवरील जुना पूल कोसळला. शेजारी नवा होता, म्हणून दोन्ही तीर जोडलेले राहिले. आपल्या मुलांनाही दोन पूल हवेत : घरची मराठी आणि दाराबाहेरची कन्नड. एकाच्या भरवशावर दुसरा पाडू नये, एवढीच विनंती.