पावती मागायला लाजू नका

रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात पावतीपुस्तकं घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. कुणी मदरशासाठी, कुणी यतीमखान्यासाठी. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही ही शिकवण घराघरांत आहे. पण चौकशी केली तर समोरच्याचा अपमान होईल, हा संकोचही आहे. तो मला पटत नाही. जकात म्हणजे वर्षभर शिलकीत राहिलेल्या रकमेचा अडीच टक्के हिस्सा. तो कुणाला द्यावा, याचे आठ वर्ग कुराणाने सांगितले आहेत. म्हणजे हक्कदार शोधणं हे देणाऱ्याचंच काम झालं. दान गुप्त असावं हे खरं. पण पावती घेतल्याने ते काही जगजाहीर होत नाही.

आता झोळी मोबाइलवर आली आहे. मार्च २०२० मध्ये 'पीएम केअर्स' निधी सुरू झाला आणि काही दिवसांतच त्याच्यासारखा दिसणारा खोटा यूपीआय पत्ता फिरू लागला. खऱ्या पत्त्यात 'केअर्स' होतं, खोट्यात 'केअर'. एवढाच फरक! एका मात्रेने ओळीचा अर्थ फिरतो हे आम्हा कवींना ठाऊक असतं. पण पैसे पाठवताना कवीसुद्धा घाईत असतो. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते वाचावं. मागणी संस्थेची आणि नाव भलत्याच माणसाचं, असं दिसलं तर तिथेच थांबावं.

आजारी मुलाचा फोटो पाहून माणूस विरघळतो. फसवणाऱ्यालाही हे कळतं. तेव्हा संदेशातल्या क्रमांकावर विसंबू नका. रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधून फोन करा, रुग्णाच्या नावे तिथल्याच खात्यात पैसे भरता येतील का ते विचारा. खरा गरजू बाप या चौकशीने दुखावत नाही. आधी कुण्या भामट्याने फसवलेला माणूस त्याच्या तोंडावर दार लावतो, तेव्हा तो दुखावतो.

संस्था असेल तर नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे होते. प्राप्तिकरात सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने देऊ नका. आणि ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करा. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.