मांजराच्या हनुवटीवरील काळे कण



मांजराच्या हनुवटीवर काळसर कण दिसू लागले की घरची मंडळी त्यांना राख किंवा पिसवांची घाण समजतात आणि ओल्या फडक्याने पुसू लागतात. कण काही निघत नाहीत. ते बाहेरून चिकटलेले नसतात; केसांच्या मुळाशी साठलेला स्निग्ध स्राव व मृत त्वचा यांचे ते खडे होत. माणसांत याच विकाराला तारुण्यपिटिका म्हणतात. मांजराच्या बाबतीत मात्र तारुण्याचा काहीच संबंध नाही. म्हाताऱ्या बोक्यालाही त्या होतात.

हनुवटीच्या त्वचेत तैलग्रंथी दाट असतात आणि तेवढीच जागा मांजराला जिभेने नीट चाटता येत नाही. विकाराचे मूळ कारण पूर्णपणे उलगडलेले नसले, तरी प्लॅस्टिकच्या भांड्यांवर बराच संशय आहे. त्यांवर चरे पडतात व चऱ्यांत जंतू राहतात. आपल्या घरांतून जुन्या डब्याचे झाकण हेच बहुधा मांजराचे ताट ठरते! त्याऐवजी स्टेनलेस स्टीलची किंवा चिनी मातीची उथळ ताटली ठेवावी व ती रोज धुवावी.

नुसते काळे कण असतील तर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने हलका शेक पुरतो. कण नखाने दाबून काढू नयेत. त्यामुळे केसाचे मूळ फुटून सूज आत पसरते. हनुवटी सुजली, पू वा रक्त आले, तर पशुवैद्यकाकडे जावे. जंतुनाशक धावन कोणते, प्रतिजैविक द्यावयाचे की नाही, हे त्यांनीच ठरवावे.

खरा धोका आहे तो घरगुती उपचारांचा. मांजर पंजाने तोंड पुसते आणि पंजा चाटते; हनुवटीला लावलेले औषध असे पोटात जाते. माणसाचे यकृत जी द्रव्ये सहज निकामी करते, त्यांपैकी कित्येक मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. फिनेल व टी-ट्री तेल त्याला विषारी आहेत. वेदना थांबावी म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राण घेऊ शकते.

हा विकार संसर्गजन्य नाही. परंतु हनुवटीवरचे केस जाऊन खपल्या धरल्या, तर ते गजकर्णही असू शकते, आणि गजकर्ण मुलांना होते. अशा वेळी पशुवैद्यकाने केस तपासून निदान करीपर्यंत मांजराला मुलांच्या अंथरुणात येऊ देऊ नये.