कोंड्याबरोबर काय गेलें?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही पोथी-पुराण सांगावयास उभे नाहीं. तुमच्या ताटांतल्या भाताची व भाजीची गोष्ट सांगणार आहों. व्हिटॅमिन, म्हणजे जीवनसत्त्व, हें औषधाच्या बाटलींतच मिळतें अशी पुष्कळांची समजूत आहे. तें मुळांत कोठें असतें व आपल्या हातून कसें निसटतें, एवढेंच पाहूं.

धान्य, डाळ व तेल यांनीं पोट भरतें, अंगांत बळ येतें. पण तें अन्न अंगीं लागण्यास आणखी कांहीं पदार्थ अगदीं रतीहून कमी प्रमाणांत लागतात. बैल गाडी ओढतात खरे. पण आंसास वंगण नसेल तर चाक करकरतें व शेवटीं अडतें. जीवनसत्त्वांचें काम असेंच समजा.

हें जगास कोणीं शिकविलें? कोंबड्यांनीं! जावा बेटांत डचांचें राज्य असतांना शिपाई व कैदी बेरीबेरीच्या रोगानें मरत. पाय लुळे पडत, अंगावर सूज येई, हृदय थांबे. बटाव्हिया, म्हणजे हल्लींच्या जाकार्ता शहरीं आइकमन नांवाचा डाक्टर त्या रोगाचे जंतू शोधीत होता. १८९० च्या सुमारास त्याच्याकडील कोंबड्या तशाच लुळ्या पडल्या आणि पुढें आपोआप बऱ्या झाल्या. चौकशींत कळलें कीं, त्यांस लष्करी इस्पितळांत उरलेला पांढऱ्याशुभ्र सडीक तांदुळाचा भात घालीत होते. नवा आचारी आला. लष्कराचा भात कोंबड्यांस देणार नाहीं म्हणाला. मग त्यांस कोंड्यासकट हलका तांदूळ मिळूं लागला आणि त्या पायांवर उभ्या राहिल्या!

पुढें जावांतल्या तुरुंगांची पाहणी झाली. सडीक तांदूळ खाणाऱ्यांत दर ३९ कैद्यांमागें एकास हा रोग. कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत सुमारें १०,००० कैद्यांमागें एकास. कोंड्यांत शरीरास आवश्यक असें कांहीं आहे, हें ग्रिन्स यानें १९०१ सालीं सांगितलें. १९१२ सालीं फुंक यानें अशा पदार्थांस व्हिटॅमिन हें नांव दिलें. १९२९ सालीं आइकमनला नोबेल पारितोषिक मिळालें. साहेबाचा भात मारक आणि कोंबडीचा भात तारक ठरला.

आमच्या कोंकणांतला कुळवाडी उकड्या तांदुळाची पेज पितो, म्हणून शहरी लोक नाक मुरडतात. पण भात टरफलासकट उकडला म्हणजे कोंड्यांतलें ब-१ जीवनसत्त्व दाण्यांत मुरतें आणि सडल्यावरही बरेंचसें टिकतें. पेजेंत वरचें पाणीही फुकट जात नाहीं. कुळवाड्याची आजी हें कोणत्या शाळेंत शिकली होती?

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाची इंग्रज डाक्टरीण तेथें आली. गिरणींत राबणाऱ्या व इतर गरीब बाया गरोदरपणीं पांढऱ्याफटक पडून दगावत. ज्यांचें जेवण निकस, त्यांतच हा रोग अधिक, असें तिला दिसलें. पाव फुगविण्याच्या यीस्टचा स्वस्त अर्क देतांच पुष्कळ बाया सुधारल्या. हें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतला गुणकारी पदार्थ १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक अॅसिड म्हणतात.

पण बंधूंनो, पालेभाजी शेतांत असून आमच्या बाया फिक्या कां? कारण भाजी, दूध व अंडीं बाजारांत जातात. घरीं उरतें त्यांतलें आधीं पुरुषांच्या पानांत पडतें, मग मुलांच्या. शेवटीं बाई तव्यावरचा तुकडा मिठाबरोबर खाऊन उठते. आम्ही दुसऱ्यांस विषमतेबद्दल जाब विचारतों. आमच्या चुलीपुढील विषमतेचा जाब कोण देणार? तो आम्हींच दिला पाहिजे.

म्हणून आजपासून इतकें करा. तांदूळ फार सडूं नका. भाजी आधीं धुवा, मग चिरा. तिचें पाणी ओतून देऊं नका, ती फार वेळ शिजवूं नका. शेवग्याचा पाला, गाजर, पिकी पपई यांनीं रातांधळेपण टळतें. पाल्यास थोडें तेल लावा, म्हणजे तो गुण अंगीं लागतो. आवळा, पेरू, लिंबू यांत क जीवनसत्त्व आहे. तें उष्णतेनें नासतें, म्हणून लिंबू ताटांत पिळा. ब-१२ मात्र भाजीपाल्यांत नाहीं. त्यासाठीं दूध, ताक, अंडें किंवा मासळी घरांत ठेवूनच बाकीचें विका.

पोटांतल्या मुलाचा कणा व मेंदू पहिल्या महिन्यांतच घडूं लागतो. म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधींपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या फुकट मिळतात. तेथें विचारण्यास लाजूं नका. परंतु मनानें भाराभर गोळ्याही गिळूं नका. अ जीवनसत्त्व फाजील झालें तर अपाय करतें.

घरीं गेल्यावर आज रात्रीं एक काम करा. घरच्या बाईला आपल्याबरोबर पानावर बसवा आणि पहिली भाजी तिला वाढा. एवढें झालें तर आमचें बोलणें फुकट गेलें नाहीं असें आम्ही समजूं.