जुन्या भरावाला नवी माती (स्वागताध्यक्षीय भाषण)

पुरात कालव्याचा भराव फुटतो तेव्हा लोकांना भगदाड दिसते. पण तो बहुधा आधीपासून आतून पोखरलेला असतो. उंदीर-खेकड्यांची बिळे, बाभळीची कुजलेली मुळे, मोरीच्या पाइपाभोवतीची पोकळी या पाण्याच्या वाटा. पायथ्याचा पाझर स्वच्छ असेल तोवर धीर धरता येतो. गढूळ झाला की माती निघाली. पूर ओसरतानाही धोका असतोच. कालव्यातले पाणी झपाट्याने उतरते, भिजलेल्या मातीतले मागे राहते आणि आतला उतार घसरतो.

देवळालीजवळून वाहणारी दारणा पुढे गोदावरीला मिळते आणि नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरून ते पाणी शंभरी ओलांडलेल्या डाव्या-उजव्या कालव्यांत जाते. कोपरगावपर्यंतची शेती त्यावर उभी आहे. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीला मोठे पूर आले. त्याच खोऱ्यात, देवळाली कॅम्प येथे भरलेल्या या परिषदेत सर्व अभियंते, संशोधक आणि पाणीवापर संस्थांच्या प्रतिनिधींचे मनःपूर्वक स्वागत आहे.

दुरुस्तीचे यश जुन्या-नव्या मातीच्या सांध्यावर ठरते. आवर्तनाची घाई असते, म्हणून भगदाडात डंपर रिकामे केले जातात. पुढच्या पाण्याला तोच सांधा उघडतो. म्हणून आधी सगळा चिखल घट्ट जमीन लागेपर्यंत काढावा. जुन्या भरावाच्या उभ्या कडा उतरत्या करून त्यांत पायऱ्या खणाव्यात, पृष्ठभाग खरवडून ओला करावा. मग माती पातळ थरांनी, योग्य ओलाव्यावर, रोलरने दाबत आणावी. प्रत्येक थराची घनता जागेवर तपासावी. प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर घनतेच्या ९५ टक्क्यांखाली आलेला थर उकरून पुन्हा दाबावा. रोलर न पोचणाऱ्या कोपऱ्यांत, मोरीलगत, यांत्रिक धुमसाने काम करावे. बाहेरच्या पायथ्याशी वाळू-खडीची गाळणी हवी, म्हणजे पाणी निघते आणि माती थांबते.

या भागातली काळी माती हा वेगळाच प्रश्न. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि काँक्रीटचे अस्तर उचलते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अस्तराखाली न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ती वापरली गेली. या थरासाठी योग्य प्रतीचा मुरूम जवळ मिळाला तर हा उपाय इथेही परवडणारा आहे. मात्र तो मुरूम आधी तपासला गेला पाहिजे. त्या तपासणीसाठी नाशिकमध्येच ‘मेरी’सारखी अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे.

दुरुस्तीनंतर पाणी एकदम पूर्ण पातळीला नेऊ नये. ते टप्प्याटप्प्याने चढवावे, प्रत्येक टप्प्यावर पाझर मोजावा. रात्रीच्या पाळीतल्या पाटकऱ्याकडे विजेरी असावी आणि पाणी गढूळ दिसताच वरचे दार बंद करवण्याचा अधिकारही.