शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनो, लिहून द्या !
(देऊळघाट येथील विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही विशेषतः पदवीच्या अंतिम वर्षाच्या मुलामुलींशी बोलणार आहोत. देऊळघाटहून एस.टी.ने बुलढाण्याला जाऊन तुम्ही शिकता. महाविद्यालयात काय मिळाले आणि काय नाही, हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, प्राचार्यांनाही नसते. पण कोणी विचारले की तुमचे उत्तर ठरलेले, "सर, सगळं चांगलं आहे." बाहेर चहाच्या टपरीवर मात्र तासभर गाऱ्हाणे !

आमचेही तेच झाले. आम्ही शिकलो तेथील ग्रंथालय उघडे असे तेव्हा आमचे तास, आणि तास संपले की गाडीची वेळ. बोटांवर मोजण्याइतकीच पुस्तके घरी आली. बोललो कोणीच नाही. पुढे धाकटा भाऊ तेथेच गेला, तर त्यालाही तेच बंद दार. "दादा, तुम्ही सांगितलं नव्हतं का ?" असे त्याने विचारले, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते.

सांगावे कसे, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी दाखविले आहे. ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. आपण शाळा चालविल्या, शिकविले, हा अनुभव त्यांनी आधी मांडला. मग नेमके सांगितले : प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, मोडी, बाळबोध, हिशेब, शेतीची माहिती शिकवा, शिक्षकाचा पगार किमान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा. नुसते "शिक्षण वाईट आहे" म्हणून ते थांबले नाहीत. आयोगाने सर्व मानले असे नाही; पण ते कागदावर राहिले, म्हणून आज आपण त्याचा आधार घेतो.

ब्रिटनमध्ये २००५ पासून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे मत देशपातळीवर विचारले जाते. आपल्याकडे १९९४ साली स्थापन झालेल्या नॅकने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवला, अंतर्गत मूल्यमापन कितपत न्याय्य होते, असे वीस प्रश्न. आणि एकविसावा सुधारणेच्या तीन सूचना लिहिण्यासाठी. बहुतेक जण हाच एकविसावा कोरा सोडतात. आमच्या मते खरे मोल त्याचेच आहे.

मुले म्हणतात, अंतर्गत गुण सरांच्या हातात आहेत. ही भीती खोटी नाही, आम्ही तिला हसणार नाही. म्हणून आधी पाहा, अर्ज कोणाकडे जातो, नाव लागते का. महाविद्यालयाच्या अर्जावर नाव मागितले, तर चार-पाच जणांनी मिळून लिहा. आणि माणसावर नव्हे, गोष्टीवर लिहा. "सर शिकवत नाहीत" यापेक्षा "पाच घटकांपैकी दोन शिकवलेच नाहीत" हे खोडून काढणे कठीण. चांगले असेल तेही लिहा. सुटीतही शिकविणारे मास्तर असतातच की! मात्र छळ किंवा जातीवरून अपमान झाला असेल, तर तो अभिप्रायाच्या अर्जात दडवू नका. त्यासाठी तक्रार निवारण समितीकडे रीतसर लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या.

एक अडचण मात्र साधी आहे. सर्वेक्षण ई-मेलवर येते, आणि तुमच्यापैकी अनेकांचा ई-मेल प्रवेशाच्या वेळी नेट कॅफेवाल्याने उघडलेला. पासवर्ड त्यालाच ठाऊक, किंवा आता त्यालाही नाही. येत्या रविवारी प्रवेश अर्जाची प्रत आणि मोबाईल घेऊन सभागृहात या. आमचे कार्यकर्ते सकाळी दहापासून बसतील, पत्ता दुरुस्त करण्याचा अर्ज तिथेच लिहू.