गाडी धुणे आणि गाडी राखणे

(संस्थेच्या व्यवसाय मार्गदर्शन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यवसाय मार्गदर्शनाला डॉक्टर येतात, इंजिनियर येतात, बँकेचे अधिकारी येतात. मी मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. मला मोटारगाडी धुण्याचा विषय कोणी दिला, असा प्रश्न आपणांस पडला असेल. कोणी दिला नाही, मी तो मागून घेतला. कारण एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून द्यावयाचे राहिले आहे.

२०१९ साली एक पालक शाळेत आले. त्यांचा मुलगा दहावी झालेला, गुण बेताचे. तो हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर कामाला लागला होता. ते मला म्हणाले, "सर, गाड्याच पुसायच्या होत्या तर दहा वर्षं शाळेत घातलं कशाला? हे काम बिनशिकलेला पण करतो." मी चहा मागविला, इकडचे तिकडचे बोललो आणि त्यांना वाटेला लावले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मनातून मलाही त्यांचेच म्हणणे पटत होते. आज तो मुलगा या सभागृहात बसला आहे. त्याचे नाव घेणार नाही, लाजेल. त्याचे वडीलही आले आहेत.

प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्याकडे एक जुनी, काळ्या रंगाची गाडी आहे. दर रविवारी मी ती स्वतः धुतो, आणि त्याचा मला अभिमान होता. एक बादली पाणी, त्यात मूठभर कपडे धुण्याची पावडर, आणि जुने बनियन. वर्षभराने एका दुपारी उन्हात पाहिले तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे! मला वाटले, रंगच हलका असावा. या विद्यार्थ्याला दाखविले. तो खाली वाकून पाहू लागला आणि हळूच म्हणाला, "सर, रागावू नका, पण हे तुम्हीच केलंय."

त्याने मला जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. आजच्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक थर. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे नववी-दहावीच्या मुलांना सांगावयास नको. त्यांतला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची चकाकी त्याच्यातच, आणि उन्हापासून रंगाचे रक्षण करणाराही तोच. माझ्या बनियनमध्ये अडकलेले रेतीचे कण त्याच थरावर वर्षभर फिरत होते. पावडरीतल्या सोड्याने वरचे मेण केव्हाच उतरून गेले होते.

म्हणजे मी गाडी स्वच्छ करीत होतो आणि त्याच वेळी झिजवीतही होतो.

साधी धुलाई आणि ज्याला हल्ली डिटेलिंग म्हणतात, यांतला फरक मला इथे प्रथम कळला. लोकांना वाटते, डिटेलिंग म्हणजे महागडी धुलाई. वॉशिंग सेंटरवर तीन-चारशे रुपये घेतात, डिटेलिंगवाला काही हजार घेतो, म्हणजे फेस जास्त काढत असेल! वस्तुतः धुलाईवाला घाण पाहतो. डिटेलिंगवाल्याला घाण ज्यावर बसली आहे तो पृष्ठभाग आधी पाहावा लागतो. काच निराळी, रबर निराळे, चामडे निराळे, हेडलाइटचे प्लास्टिक निराळे. त्या प्रत्येकाला काय चालते आणि काय चालत नाही, हे माहीत असल्याखेरीज हात लावावयाचा नाही.

साध्या धुलाईतही रीत आहे, ती आधी ऐका. गाडी सावलीत उभी करावी, पत्रा तापलेला नसावा. तापल्या पत्र्यावर पाणी सुकले की बोअरिंगच्या पाण्यातले क्षार पांढरे डाग होऊन बसतात. आधी चाके धुवावीत, आणि चाकांचा फडका वेगळा ठेवावा. मग सुक्या गाडीला हात न लावता भरपूर पाण्याने धूळ खाली सोडावी. बादल्या दोन घ्याव्यात, एकीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत नुसते पाणी. फडका दरवेळी नुसत्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवावा, म्हणजे रेती त्या बादलीच्या तळाशी राहते. टपापासून खाली यावे आणि हात सरळ रेषेत फिरवावा. पुसावयास मायक्रोफायबर घ्यावे. पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीच्या धाग्यांचे हे कापड असते, त्याचा एकेक तंतू रेशमाहूनही बारीक, त्यामुळे पाणी आणि धूळ ते आत ओढून घेते. यात खर्च कितीसा? एक जादा बादली. पाइप दहा मिनिटे सोडून ठेवला आणि मिनिटाला पंधरा लिटर पाणी गेले तर दीडशे लिटर होतात; दोन बादल्यांत चाळीस. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपण विसरलो नसू. २०२४ च्या मार्चमध्ये बंगलोरला पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५००० रुपये दंड लावण्याचा हुकूम निघाला होता.

आपली जीप, टेम्पो, रिक्षा यांना एवढी धुलाई पुरेशी आहे, हे मी मुद्दाम सांगतो. सगळ्याच गाड्यांना डिटेलिंग हवे, असे म्हणणारा मनुष्य काहीतरी विकावयास आला आहे, असे समजावे.

आता पुढचे काम. धुतलेल्या गाडीवरून तळहात फिरवा, रंग खरखरीत लागतो. ब्रेक घासून उडालेले लोखंडाचे बारीक कण, डांबराचे थेंब, झाडाचा चीक अशा गोष्टी पाण्याने निघत नाहीत. लोखंडाच्या कणांसाठी एक द्रव फवारतात. जिथे कण असतील तिथे तो जांभळा होऊन ओघळतो. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना दाखविले तर ते वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त खूश झाले! राहिलेल्या घाणीसाठी मळलेल्या कणकेसारखी एक विशिष्ट माती मिळते. पत्रा ओला ठेवून ती हलकेच फिरवितात, ती घाण उचलून घेते. मात्र ती मातीची गोळी जमिनीवर पडली तर फेकून द्यावयाची, कितीही महाग असली तरी. खडा चिकटून आला की पुढचा ओरखडा तिचाच.

त्यानंतर पॉलिश, आणि खरी जोखीम इथे आहे. ओरखडा घालविणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या पातळीवर आणणे, हा त्याचा अर्थ. प्रत्येक वेळी दोन-चार मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. म्हणून चांगला कारागीर आधी एका छोट्या यंत्राने रंगाची जाडी ठिकठिकाणी मोजतो आणि मग बफिंग मशीन हातात घेतो. पूर्वी दोनदा 'रबिंग' झालेल्या गाडीला तो सरळ सांगतो की, साहेब, हा ओरखडा राहू द्या. माझ्या बॉनेटवरचे दोन ओरखडे त्याने तसेच ठेवले आहेत. मी फार आग्रह केला, पण ऐकले नाही. विद्यार्थ्याने शिक्षकाचे न ऐकल्याचा मला एवढा आनंद पूर्वी झाला नव्हता.

शेवटी संरक्षण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरचे कार्नोबा मेण त्यासाठी फार वर्षांपासून वापरतात. ते काही आठवडे, फार तर काही महिने टिकते. हल्ली सिरॅमिक कोटिंगचा गाजावाजा आहे. हा मुख्यतः सिलिकाचा अत्यंत पातळ थर, एक-दोन मायक्रॉनचा. पाणी त्यावर ठरत नाही, धूळ कमी चिकटते, धुणे सोपे होते, हे खरे. परंतु दुकानात '९एच' असे लिहून हिऱ्याच्या खालोखाल कठीण म्हणून विकतात, ते खोटे आहे. ९एच हे पेन्सिलीच्या कठीणपणाचे माप आहे. हायवेवरच्या डंपरमागून उडालेली खडी या थराने अडत नाही. माझ्या एका नातेवाइकाने वीस हजार मोजून कोटिंग केले, आणि कोटिंग करणाऱ्याने आधीचे ओरखडे न काढताच वर थर दिला. आता ते ओरखडे आतच राहिले आहेत, आणि कोटिंग घासून काढल्याशिवाय निघावयाचे नाहीत.

आखातात गेलेल्या आपल्या मंडळींनाही हे काम नवे नाही. रात्री इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बादली-फडका घेऊन महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणारे कितीतरी जण असतात. दुबईत रस्त्यावर मळकट गाडी सोडून गेल्यास ५०० दिरहम दंड, ही बातमी २०१९ साली वाचली असेल. तिथली धूळ म्हणजे वाळूच. ती कोरडी पुसली की गाडीचे काय होते, हे माझ्या बॉनेटने सांगितलेच आहे.

परंतु या कामाची खरी परीक्षा मी पाहिली ती चिपळूणच्या पुरात. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरले, गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या एका सहकाऱ्यांनी गाडी एका सेंटरवर धुऊन घेतली. बाहेरून लखलखीत! आतून व्हॅक्यूम मारला, अत्तराची कुपी टांगली. पंधरा दिवसांत दार उघडवेना असा वास सुटला आणि सीटवर बुरशी चढली. गालिच्याखाली जाड अस्तर असते, ते पाणी धरून बसले होते.

मग गाडी या मुलाकडे आली. त्याने सुरुवातीस काहीच धुतले नाही. बॅटरीची तार सोडविली. किल्ली फिरवावयाची नाही, असे बजावले. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना आपण हात न लावता मेकॅनिकला बोलाविले. मग सीट बाहेर, गालिचा बाहेर, अस्तर बाहेर. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून धुतला, कारण गुंडाळलेल्या भागात गाळ राहतो. एसीच्या पंख्याचे घर उघडून साफ केले. आणि कोकणातल्या त्या पावसात, पंखे आणि हीटर लावून, सगळे कोरडे होईपर्यंत आठ दिवस गाडी जोडली नाही. मालक रोज फोन करीत होते. हा रोज सांगत होता, "अजून ओली आहे."

मित्रहो, त्या वेळी तो रोजंदारीवर होता. आठ दिवस एका गाडीत घालविले म्हणून त्या सेंटरच्या मालकाने दोन दिवसांचा रोज कापला. त्याच्या बोटांच्या सांध्यांवर साबणाने भेगा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. चाकांसाठी अॅसिड वापरीत आणि हातमोजे कोणी देत नसे. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलांनी हेही ऐकून ठेवावे. हातमोजे, मास्क आणि बाटलीवरचे लेबल वाचण्याची सवय या तिन्ही गोष्टी स्वतःच्या ठेवाव्यात. लेबल बहुधा इंग्रजीत असते. तेव्हा चाचा, दहा वर्षे शाळेत का घातले, या तुमच्या प्रश्नाचा निम्मा जबाब त्या लेबलात आहे. राहिलेला निम्मा मायक्रॉनमध्ये आहे. सहा वर्षे उशिरा देत आहे, माफी असावी.

आता माझे बोलणे पुरे. बाहेर मैदानात आंब्याच्या सावलीत मुख्याध्यापकांची गाडी उभी आहे. त्यांच्या परवानगीने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली आहे. डावी बाजू सकाळी नुसती धुतली आहे, उजव्या बाजूचे काम तो आता आपल्यासमोर करील. अर्धा-पाऊण तास लागेल. पाचवी-सहावीच्या मुलांनी पुढे बसावे. ज्यांना पत्र्यावर हात फिरवून पाहावयाचा आहे त्यांनी अंगठी आणि घड्याळ काढून खिशात ठेवावे. मुख्याध्यापक सर, आपणही.