डोळे गेले म्हणून नोकरी जात नाही
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात सोनाळा येथे केलेले भाषण)



१९९८ साली माझ्या एका सहकारी मास्तरांची दृष्टी झपाट्याने गेली. फळ्यावरचे दिसेना. "मास्तर, आता घरी बसा," असे सर्वांनी समजुतीनेच सांगितले. राजीनामा मी लिहून दिला, माझे अक्षर बरे म्हणून. सहीची जागाही मीच त्यांचे बोट धरून दाखविली.

कायदा तेव्हा त्यांच्या बाजूने होता, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९९५ चा अपंगांचा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला होता आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही त्यात येत होत्या. त्याचे कलम ४७ असे की, नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवावे. कुणाल सिंग नावाच्या जवानाचा पाय कापावा लागला व त्याला घरी पाठविले, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाने त्याला न्याय दिला. पेन्शन दिली म्हणून हा हक्क संपत नाही, असेही बजावले.

या कायद्यासाठी दिल्लीत झगडणाऱ्यांत चाकाच्या खुर्चीतून फिरणारे जावेद आबिदी आघाडीवर होते. आपल्या मुलांना हे नाव माहीत असावे.

आता २०१६ चा कायदा आहे. अपंगत्वाचे प्रकार ७ होते ते २१ झाले, सरकारी नोकरीतील राखीव जागा ३ टक्क्यांच्या ४ झाल्या. कलम ४७ चे संरक्षण कलम २० मध्ये आले. पुष्कळांचा एक गैरसमज आहे: ४० टक्क्यांची अट राखीव जागांसाठी आहे, भेदभावाविरुद्ध दाद मागायला ती नाही.

आणि सभासदहो, कलम १६ आपल्यालाही लागू आहे. मान्यताप्राप्त शाळेने अपंग मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, आणि वर्गापर्यंत त्याला जाता आले पाहिजे. आपल्या पायऱ्या एकदा त्या नजरेने पाहा.

सरकारी कार्यालयात अडवणूक झाली तर आधी तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावे, नंतर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे. अर्ज लिहून हवा असेल तर मी दुपारी शाळेतच असतो.